भातुकलीची नोंदवही: घरातल्या खेळण्यांच्या संग्रहाची यादी कशी करावी

माळ्यावरून भातुकलीची पेटी खाली उतरवली की हात आधी चिंचेकडे जातो. काळवंडलेली पितळी भांडी लख्ख घासावीत, कपाटात मांडावीत, बहिणींना फोटो पाठवावेत असं होऊन जातं. माझी विनंती आहे, तो हात दोन आठवडे आवरा आणि आधी वही उघडा. भांडं काळं पडलं तर पुढच्या वर्षीही उजळता येतं. ते कुणाचं, कुठलं, कधीचं, हे सांगणारं माणूस मात्र पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. आमच्या घरात दोन भातुकल्या होत्या, एक आईची आणि एक आत्याची. घर बदलताना जागा वाचावी म्हणून मी दोन्ही एकाच खोक्यात भरल्या. सहा वर्षांनी खोकं उघडलं तेव्हा आत्या राहिली नव्हती. आईने चूल, जातं आणि पाण्याचा बंब तेवढा खात्रीने आपला म्हणून ओळखला. बाकीची एकोणतीस भांडी ती हातात घेऊन फिरवत राहिली आणि एकेक करून खाली ठेवत गेली. माझ्या यादीत त्यांच्यापुढे आजही ‘आई किंवा आत्या’ असंच लिहिलेलं आहे. आता ते बदलणार नाही.

हा लेख घरात चाळीस-पन्नासपासून चारशे-पाचशेपर्यंत खेळणी असलेल्यांसाठी आहे. उदाहरणं मी भातुकलीची घेतली आहेत, कारण तीच मला जवळून माहीत आहे. पण लाकडी फळं, पत्र्याची खेळणी, छोट्या मोटारी, बाहुल्या यांनाही हीच पद्धत लागू पडते.

१. सगळं एका जागी आणा, पण एकमेकांत मिसळू नका

जमिनीवर जुनी चादर अंथरा. पेटी उघडल्याबरोबर, काहीही न हलवता, वरून एक फोटो काढा. एक थर काढला की पुन्हा फोटो. कोणती वस्तू कशाशेजारी आणि कशात ठेवलेली होती, हीसुद्धा माहितीच असते. पातेल्यात गुंडाळून ठेवलेली पळी बहुधा त्याच संचातली असते.

वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेल्या वस्तूंसाठी वेगवेगळी ताटं किंवा पराती घ्या. माहेरची एका परातीत, सासरची दुसरीत, तुळशीबागेतून स्वतः घेतलेली तिसरीत. झाकणं अंदाजाने कुठल्याही डब्यावर बसवू नका, सुटी झाकणं सुटीच राहू द्या. आणि भांडी ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली आहेत तो कागद फेकण्याआधी त्यावरची तारीख बघा. पेटी शेवटची कधी बांधली गेली ते तिथे छापलेलं असतं. तारखेचा तुकडा कापून वहीत चिकटवा, बाकीचा कागद टाकून द्या. तो आम्लधर्मी असतो आणि पुन्हा वापरण्यासारखा नसतो.

२. ज्यांना माहीत आहे त्यांना आधी बसवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे. मापं, फोटो, संगणक हे सगळं नंतर केव्हाही करता येतं.

आई, मावशी, आजी, जी कुणी असेल तिला खुर्चीत बसवा आणि एकेक वस्तू हातात द्या. ‘हे काय आहे?’ असं विचारलं की एका शब्दात उत्तर येतं. वस्तू हातात देऊन गप्प बसलं की बोलणं सुरू होतं. मग विचारा: हे कुणी आणलं? जत्रेतून, की लग्नातल्या आहेरातून? यात खरं काही शिजायचं, की चुरमुरे, दाणे आणि गुळावरच भागायचं? हे कुणी मोडलं? कुणाला हात लावायची परवानगी नव्हती? शेवटचा प्रश्न विचारल्यावर माझ्या आईने जात्याबद्दल वीस मिनिटं सांगितलं. तिच्या मोठ्या भावाने त्यात वाळू दळली होती आणि खुंटा मोडला होता. जात्याचा खुंटा बाकीच्या लाकडापेक्षा फिका का आहे, हे मला तेव्हा कळलं.

फोनवर आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला तारीख, सांगणाऱ्याचं नाव आणि नातं स्वतःच्या आवाजात बोलून घ्या. वस्तू बदलली की तिचा क्रमांक किंवा नुसतं वर्णन मोठ्याने म्हणा, नाहीतर नंतर ऐकताना ‘हे’ म्हणजे कुठलं ते कळत नाही. एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त ताणू नका, वयस्कर माणसं थकतात.

त्या ज्या शब्दाने वस्तूला ओळखतात तोच शब्द टिपून घ्या. एकाच वस्तूला कुणी सांडशी म्हणतं, कुणी गावी, कुणी पकड. कुणाचं उलथनं, तर कुणाचा कालथा. बोलणाऱ्याचा शब्द सुधारायला जाऊ नका. संग्रहाचा तोही एक भाग आहे.

३. प्रत्येक वस्तूला क्रमांक

क्रमांक साधा ठेवा: भा-०००१, भा-०००२, असा ओळीने. नवखी माणसं इथे फार हुशारी करतात. ‘पि-चू-०३’ म्हणजे पितळी चूल तिसरी, असा अर्थ क्रमांकातच भरायला जातात. पुढे ती चूल पितळेची नसून काशाची निघाली की सगळं बिनसतं. क्रमांकाने फक्त वस्तू आणि नोंद यांची गाठ बांधायची. बाकीचं सगळं नोंदीत लिहायचं.

वस्तुसंग्रहालयांत तीन भागांचा क्रमांक बऱ्याचदा वापरतात. २०२५.३.१२ म्हणजे २०२५ साली तिसऱ्या खेपेला आलेल्या वस्तूंतली बारावी. तुम्ही सतत विकत घेत असाल, जुन्या बाजारात दर महिन्याला फेरी होत असेल, तर ही पद्धत सोयीची आहे, कारण एका दिवशी एकत्र आलेल्या वस्तू कागदावर एकत्र राहतात. घरातल्या एकाच पेटीसाठी सरळ क्रम पुरतो.

एका वस्तूचे सुटे भाग असतील तर क्रमांक एकच द्या आणि भागांना अक्षरं. आईचा बंब घ्या. उंचीला तो माझ्या तळहाताएवढाही नाही, पण त्याला सगळं आहे: मधून गेलेली नळी, खाली जाळाची जागा, वर झाकण, पुढे तोटी. तो भा-००४७. अंग ‘क’, झाकण ‘ख’, तोटीची चावी ‘ग’. चावी हरवली होती, तरी तिचं अक्षर मी राखून ठेवलं आणि ‘आढळली नाही’ असं लिहिलं.

वस्तू हरवली, मोडली किंवा कुणाला देऊन टाकली, तरी तिचा क्रमांक दुसऱ्या वस्तूला कधीही देऊ नका.

४. नोंदीत काय लिहायचं

चोरीला गेलेल्या कलावस्तू ओळखता याव्यात म्हणून वर्णनाची एक जागतिक पद्धत १९९७ साली सुरू झाली. तिचं नाव ‘ऑब्जेक्ट आयडी’. पोलीस, संग्रहालयं आणि विमा कंपन्या अशा तिघांनाही समजावी म्हणून ती मुद्दाम साधी ठेवलेली आहे: वस्तूचा प्रकार, साहित्य, माप, कोरलेलं किंवा छापलेलं काही, वेगळी ओळखखूण, काळ, कर्ता आणि फोटो. घरच्या वहीला हाच सांगाडा चालतो. त्यात मी चार रकाने वाढवले: कुणाकडून आली, कुणी सांगितलं, आज कशी आहे, आणि कुठे ठेवली आहे.

एक पूर्ण नोंद दाखवते.

भा-००४७
वस्तू: बंब, पाणी तापवायचा
भाग: क अंग, ख झाकण, ग तोटीची चावी (आढळली नाही)
साहित्य: पितळ; मधली नळी तांब्याची दिसते
माप: उंची ९२ मिमी, पोटाचा व्यास ६१ मिमी, वजन २१४ ग्रॅम (क आणि ख मिळून)
खुणा: तळाशी खिळ्याने ओरखडलेलं ‘शा’ हे अक्षर
ओळखखूण: डाव्या कानाजवळ डाग दिलेला
अवस्था: काळवंडलेला, तोटीजवळ हिरवा थर, घासलेला नाही
कुणाकडून: आईला तिच्या आजोळहून, लहानपणी
सांगणारी: आई, रेकॉर्डिंग क्रमांक ४
ठिकाण: कपाट १, खण २, डबा ५

माप मिलिमीटरमध्ये घ्या, कारण भातुकलीत अर्ध्या सेंटिमीटरने वस्तू बदलते. एकात एक बसणारी सात पातेली सेंटिमीटरमध्ये मोजली तर तीन सारखीच निघतात. वजनाला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

‘कुणी सांगितलं’ हा रकाना गाळू नका. आईने सांगितलेलं, विकणाऱ्याने सांगितलेलं आणि तुम्ही स्वतः अनुमान केलेलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या बाजारात प्रत्येक वस्तू ‘पेशवेकालीन’ असते. लिहायला हरकत नाही, फक्त पुढे ‘विक्रेत्याच्या सांगण्यावरून’ हे शब्द असू द्या. विकत घेतलेल्या वस्तूची किंमत, तारीख आणि जागा त्याच दिवशी लिहा. आठवड्याने किंमत आठवत नाही आणि महिन्याने जागा.

आणि मोडतोड न लाजता लिहा. चीर, डाग, पोचा, उडालेला रंग, नंतर बसवलेला भाग. वस्तू उद्या कुणाला दाखवायला दिली आणि परत आली, तर नवा पोचा कुठला ते या रकान्यावरूनच कळतं.

५. साहित्य ओळखताना

मराठी घरांत इथे एक हमखास घोटाळा होतो. ‘जर्मनचं भांडं’ असं आजी म्हणते तेव्हा तिला ॲल्युमिनियम म्हणायचं असतं. बाजारात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, आणि त्यात चांदी अजिबात नसते. वहीत दोन्हींपुढे नुसतं ‘जर्मन’ लिहिलं की वाचणारा कायमचा गोंधळात. उचलून बघा: ॲल्युमिनियमचं वजन त्याच आकाराच्या पितळेच्या साधारण एक तृतीयांश भरतं, त्यामुळे हाताला लगेच कळतं. ‘हिंडालियम’ हेही ॲल्युमिनियमचंच मिश्रण, हिंदुस्तान ॲल्युमिनियम या कंपनीच्या नावावरून पडलेलं नाव.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. काशाच्या वाटीला नखाने टिचकी मारली तर नाद लांबतो, पितळेचा लवकर विझतो. अगदी लहान वस्तूत हा फरक ऐकू येत नाही, तेव्हा ‘पितळ किंवा कासं’ असं लिहून मोकळं व्हा. आतून पांढुरकं दिसतं ते बहुतेक वेळा कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा. शिल्लक असलेली कल्हई घासून काढू नका. भातुकलीच्या भांड्याला कल्हई लावली होती म्हणजे त्यात खरं काही शिजत होतं, आंबट वाढलं जात होतं, असा कयास बांधता येतो. पत्रा ओळखायला लोहचुंबक लावा. लोखंडी पत्रा चिकटतो, पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियम चिकटत नाही. स्टीलच्या बाबतीत चुंबकावर भरवसा ठेवू नका, काही स्टील चिकटतं आणि काही नाही.

लाकडी खेळण्यांची तऱ्हा वेगळी. सावंतवाडीची फळं आणि भाज्या परंपरेने पांगाऱ्याच्या लाकडाची. ते लाकूड हलकं आणि मऊ, त्यावर चितारी हाताने रंग देतात. आंबा उचलला की दिसतो त्यापेक्षा हलका लागतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाची खेळणी कातकामाची, म्हणजे लेथवर फिरवून घडवलेली, आणि लाख फिरत्या लाकडावरच दाबून चढवलेली. तिरप्या उजेडात धरली तर गोल गोल बारीक रेषा दिसतात. आंध्रातल्याच कोंडापल्लीची खेळणी कोरलेली, सुटे भाग जोडून रंगवलेली, त्यांना या रेषा नसतात. एवढं बघता आलं तरी ‘लाकडी बाहुली’ एवढ्याच नोंदीपेक्षा तुम्ही पुढे गेलात.

६. काळ ठरवताना

नेमकं साल क्वचितच मिळतं. ‘याच्या आधीची’ किंवा ‘याच्या नंतरची’ एवढं मात्र खोक्यावरून आणि शिक्क्यावरून पुष्कळदा काढता येतं.

किंमत आण्यांत छापलेली असेल तर वस्तू बहुधा १९५७ च्या आधीची. त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असं असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासची. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. उलट मात्र होत नाही. ‘पुणे २’ असा जुना विभाग-क्रमांक लोक नंतरही कितीतरी वर्षं लिहीत राहिले. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९०. ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असलेलं चावीचं खेळणं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अवघ्या काही वर्षांतलं, १९५२ पर्यंतचं.

खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे हाताने घडवलेल्या खेळण्यावर चिन्ह नसल्यावरून ते जुनं ठरत नाही.

छोट्या मोटारी जमवणाऱ्यांसाठी एक सूचना. हॉट व्हील्सच्या गाडीच्या पोटावर जे साल असतं ते बहुतेक वेळा त्या साच्याच्या हक्कनोंदणीचं असतं, ती गाडी कधी बनली त्याचं नव्हे. एकच साचा वर्षानुवर्षं चालतो. म्हणून दोन रकाने करा: ‘गाडीवर छापलेलं साल’ आणि ‘विकत घेतल्याचं साल’. पुठ्ठ्याचं वेष्टन जपलं असेल तर त्याचा मागचा-पुढचा फोटोही त्याच नोंदीत जोडा.

७. फोटो

खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी करड्या किंवा फिकट निळ्या कापडावर फोटो काढा. पितळेवर उजेड चमकतो आणि खिडकीची चौकट भांड्यात दिसते. काचेला बटर पेपर लावला की चमक मऊ होते. शेजारी मोजपट्टी ठेवा. नाणं ठेवू नका, रुपयाचं नाणं आजवर कितीदा बदललं आहे. समोरून एक, तळाचा एक, आणि खूण किंवा मोड असेल तिथला जवळून एक, असे तीन फोटो पुरे होतात. तळाचा फोटो सगळे विसरतात आणि नावं, शिक्के, ओरखडे नेमके तिथेच असतात.

फाइलला क्रमांकाचंच नाव द्या: भा-००४७-१, भा-००४७-२. फोनने दिलेलं लांबलचक नाव तसंच राहिलं तर सहा महिन्यांनी त्या फोटोंचा काही उपयोग नाही.

८. क्रमांक वस्तूवर कसा राहील

जाड पांढऱ्या कागदाची छोटी चिठ्ठी, त्यावर पेन्सिलीने क्रमांक, आणि पांढऱ्या सुती दोऱ्याने कानाला किंवा दांड्याला सैल बांधायची. पेन्सिलच, कारण शाई ओल लागली की पसरते. रबरबँड नको. रबरातल्या गंधकाने चांदी आणि पितळ काळं पडतं, आणि रबर वितळून चिकटतं ते वेगळंच. चिकटपट्टी नको, मार्कर पेन तर अजिबात नको. वाटाण्याएवढी वस्तू असेल तर छोट्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि चिठ्ठी आत टाका. पिशवीवर लिहिलेलं पुसलं जातं.

९. घासणं आणि ठेवणं

नोंद आणि फोटो झाले की मग साफसफाई. माझं मत विचाराल तर पितळ आरशासारखं करू नये. मऊ सुती कापडाने धूळ पुसा, हिरवा थर असेल तिथे तेवढंच हलकं काम करा, आणि पाणी लागलं तर लगेच पूर्ण कोरडं करा. दर घासण्यात धातूचा बारीक थर निघतो. भातुकलीच्या पत्र्यावरची नक्षी दहा-बारा दिवाळ्यांत बोथट झालेली मी पाहिली आहे. खिळ्याने कोरलेलं ‘शा’ असंच जाईल.

लाखेच्या खेळण्यांना सॅनिटायझर, स्पिरिट किंवा अत्तर लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, रंग कापडावर येतो. न भाजलेल्या किंवा कमी भाजलेल्या मातीच्या चुली आणि बोळकी धुवायची नाहीत, कोरड्या मऊ ब्रशने झाडायची. लाकडी खेळण्याखाली बारीक पीठ पडलेलं दिसलं तर आत कीड आहे. ती वस्तू त्याच क्षणी वेगळ्या पिशवीत बंद करा, शेजारच्या लाकडी वस्तू तपासा, आणि नोंदीत तारीख घाला. बॅटरीवरच्या खेळण्यांतून सेल काढून ठेवा. सेल फुटून पाणी सुटलं की आतले पत्रे खाऊन टाकतं.

डांबरगोळ्या प्लास्टिकच्या खेळण्यांजवळ ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यापूर्वी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मधे एकदा बदला. गुंडाळायला धुतलेलं जुनं सुती कापड उत्तम, आईच्या नऊवारीचे तुकडे असतील तर सोन्याहून पिवळं.

डबे, खण, कपाट यांनाही क्रमांक द्या. डब्याच्या झाकणाला आतून, त्यात कोणकोणते क्रमांक आहेत त्याची चिठ्ठी लावा. ठिकाण बदललं की चिठ्ठी आणि यादी दोन्ही त्याच वेळी बदला. मागाहून करू म्हटलं की ते राहतं.

१०. संगणकावर चढवताना

कागदी वही ठेवाच, पण शोधण्यासाठी गुगल शीट किंवा एक्सेल हवं. काही अडचणी मराठीत यादी करणाऱ्यालाच येतात, त्या आधीच सांगते.

क्रमांकाचा रकाना सुरुवातीलाच ‘मजकूर’ प्रकारचा करा. नाहीतर २०२५.१० लिहिलं की एक्सेल शेवटचं शून्य खाऊन २०२५.१ करतं आणि दहावी वस्तू पहिलीत मिसळते. ३-५ असं लिहिलं की त्याची तारीख होते. माप, वजन, किंमत यांसाठी इंग्रजी आकडे टाइप करा, मराठी आकड्यांनी बेरजेत आणि क्रमवारीत गोंधळ होऊ शकतो.

दुसरी अडचण शब्दलेखनाची. एकदा ‘पातेले’, एकदा ‘पातेलं’, एकदा ‘पातेली’ लिहिलं की शोधताना तिसरा हिस्साच सापडतो. म्हणून पहिल्या पानावर शब्दयादी करा: वस्तूच्या रकान्यात कायम ‘पातेले’, ‘घंगाळ’, ‘सांडशी’, ‘पोळपाट’. घरातला बोलीतला शब्द शेजारच्या रकान्यात. ‘सोऱ्या’ हा शब्द तर डोळ्यांना चकवतो. त्यातला ऱ्या टाइप करण्याच्या दोन पद्धती आहेत, पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. माझे दोन सोरे महिनाभर शोधात सापडत नव्हते ते यामुळे. एकदा बरोबर टाइप केलेला शब्द शब्दयादीतून उचलून चिकटवायचा, एवढा उपाय पुरतो.

यादीच्या आणि फोटोंच्या तीन प्रती असू द्या: संगणकात, पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर, आणि एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा मुलाकडे. वर्षातून एकदा यादी कागदावर छापून वहीला जोडा.

११. घराबाहेर देताना

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, बोरन्हाणाला, रुखवतात मांडायला भातुकली मागायला माणसं येतात. द्यावी, माझी ना नाही, वस्तू लोकांनी बघाव्यात. पण त्यासाठी वेगळं पान ठेवा: क्रमांक, भाग किती, कुणाकडे, कोणत्या तारखेला, परत कधी. देण्याआधी सगळ्या वस्तू एका ताटात मांडून एक फोटो काढा आणि घेणाऱ्यालाही पाठवा. ‘भांडी वीस’ असं लिहू नका, वीस क्रमांक लिहा. झाकणं आणि चमचे हेच परत यायचे राहतात. घरातल्या मुलांना खेळायला मात्र दुसरा संच द्या, यादीत नसलेला, आणि तो मनसोक्त वापरू द्या.

परदेशी राहणाऱ्या लेकीला आजीची भातुकली द्यायची असेल तर वस्तूचं वय बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार, शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत बसत असेल तर ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी विचारा. तिथेही फोटो आणि नोंद हाताशी असली की बोलणं सोपं होतं.

१२. वर्षातून एकदा पडताळणी

दिवाळीच्या आवराआवरीआधीचा एक दिवस यासाठी ठेवा. सगळा संग्रह उपसायची गरज नाही. यादीतून कुठलेही वीस क्रमांक निवडा आणि वस्तू शोधा. मग उलटं करा: कपाटातून कुठल्याही वीस वस्तू उचला आणि त्यांची नोंद शोधा. पहिल्या फेरीत हरवलेल्या वस्तू कळतात, दुसऱ्या फेरीत न नोंदलेल्या. दोन्हींत मिळून तीन-चार चुका निघाल्या तर तो सगळा डबा तपासा.

वस्तू सापडली नाही तर ओळ खोडू नका. ‘आढळली नाही’ लिहा आणि तारीख घाला. बंबाच्या चावीची ओळ तशीच उघडी राहिली होती. तिसऱ्या वर्षी आईचा शिवणाचा डबा आवरताना बटणांत एक पितळी चावी मिळाली, करंगळीच्या नखाएवढी. एरवी ती बटणांबरोबरच गेली असती. मी यादीत ‘ग’ बघितला, बंब काढला, चावी तोटीत बसवून फिरवली. बरोबर बसली. चावीला चिठ्ठी बांधण्याइतकीही जागा नव्हती, म्हणून ती छोट्या पिशवीत घातली, पिशवी बंबाच्या पोटात ठेवली आणि नोंदीत लिहिलं: ‘ग सापडली, शिवणाच्या डब्यात, वजन ३ ग्रॅम.’